तांदळाच्या डब्यातला मोबाइल

मोबाइल पाण्यात पडला की तो तांदळाच्या डब्यात पुरायचा, हे आता घराघरात पाठ झाले आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तर हा तोडगा अगदी हाताशी आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला भातखाचरे. मांडव्याच्या जेट्टीवर चढता-उतरताना, नागाव-काशीदच्या लाटांत फोटो काढताना किंवा रेवदंड्याच्या खाडीत जाळे ओढताना फोन भिजायला निमित्त लागत नाही, आणि घरात तांदूळ नाही असे होत नाही. दोन दिवसांनी फोन सुरू झाला तर तांदळाचा गुण आला. नाही झाला, तर ‘पाणी फारच आत गेले होते’. निकाल कोणताही लागो, तांदूळ निर्दोष सुटतो. जो उपाय नापास होऊच शकत नाही त्याची परीक्षा कधी झालेलीच नसते, आणि आपल्याकडचे बहुतेक घरगुती तांत्रिक तोडगे याच जातीचे आहेत. राउटरमागे लावलेली ॲल्युमिनियमची फॉइल, स्क्रीनवरच्या चऱ्यांना चोळलेली टूथपेस्ट, फ्रीजरमध्ये ठेवलेली बॅटरी, फ्यूजला गुंडाळलेली तांब्याची तार, या सगळ्यांची शिफारस एकाच आधारावर होते : ‘आमच्याकडे लागू पडला.’ माझे म्हणणे असे की हा आधार पुरेसा नाही. तोडगा केला नसता तर काय झाले असते आणि केल्यावर महिनाभराने काय झाले, ही दोन उत्तरे हातात आल्याशिवाय कोणताही उपाय पास म्हणू नये. खाऱ्या हवेच्या मुलखात दुसरे उत्तर पहिल्याहून महत्त्वाचे ठरते.

आधी पाणी फोनचे नेमके काय करते ते पाहू. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. नळाच्या पाण्यातून थोडी वाहते, कारण त्यात क्षार असतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याची वीजवाहकता नळाच्या पाण्याच्या शंभर पटींच्या घरात जाते. फोनच्या आतल्या पाटीवर तांब्याच्या केसासारख्या वाटा एकमेकींपासून मिलिमीटरच्या अंशाइतक्या अंतरावर असतात. त्यांच्यावर खारे पाणी पसरले आणि बॅटरीचा दाब तसाच चालू राहिला, की एका वाटेवरचा धातू विरघळून दुसरीकडे जाऊन बसू लागतो. काही मिनिटांत तिथे हिरवट-पांढरा थर धरतो. पितळेच्या भांड्याला कळंक चढतो त्याचाच हा भाऊबंद, फक्त विजेच्या जोरावर झपाट्याने वाढणारा. म्हणजे फोनचा खरा शत्रू पाणी, क्षार आणि वीज हे त्रिकूट आहे, आणि त्यातली वीज तेवढी आपल्याला एका बटणात काढून घेता येते. म्हणून फोन बाहेर काढल्याबरोबर तो बंद करणे हाच सर्वांत गुणकारी उपाय. नेमके इथेच आपण उलटे वागतो. चालू आहे की नाही हे बघायला दहा वेळा बटण दाबतो, चार्जर लावून बघतो, आणि मग तांदूळ शोधायला जातो.

तांदूळ ओलावा शोषतो हे खोटे नाही. पण किती, आणि कधी? कोरड्या हवेतला तांदूळ हवेतली थोडी वाफ घेतो. दमट हवेतल्या तांदळाने ती आधीच घेतलेली असते. जुलैत अलिबाग-मुरूडच्या हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते. पावसाळ्यात तांदळाला बुरा आणि किडे लागू नयेत म्हणून जो उन्हात घालायची आपली धडपड असते, तोच तांदूळ आपण फोन सुकवायला वापरतो. २०१४ साली वापरलेले फोन विकत घेणाऱ्या गॅझेल या अमेरिकी कंपनीने ओले स्पंज वेगवेगळ्या पदार्थांत ठेवून, तोलून पाहिले. त्यांत सिलिका जेल होते, ओट्स होते, मांजराच्या मलमूत्रासाठी वापरतात ती मातीही होती. कच्चा तांदूळ शेवटच्या रांगेत गेला, आणि काहीही न करता उघड्या फळीवर ठेवलेला स्पंज सर्वांच्या पुढे निघाला. कारण साधे आहे : धान्यात पुरलेल्या वस्तूभोवतीची हवा हलत नाही, आणि हवा हलल्याशिवाय वाळण होत नाही. ओले कपडे कोणी गोणीत भरून वाळवत नाही. २०२४ च्या सुरुवातीला ॲपलनेही आपल्या ग्राहकांना स्पष्ट सांगितले की फोन तांदळात ठेवू नका, त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. तांदळाची भुकटी आणि ओलावा यांची चार्जिंगच्या खाचेत खळ होते, हे दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

मग इतक्या लोकांचे फोन तांदळातून जिवंत कसे निघाले? ते आपोआपच निघणार होते म्हणून. आजचे बरेच फोन बऱ्यापैकी पाणीरोधक असतात. थेंबभर पाणी आत गेले तरी बंद ठेवलेला फोन दोन दिवसांत कुठेही वाळतो, मग तो तांदळात असो, टेबलावर असो की देवघरात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि श्रेय कावळ्याने घेतले. तांदळाचा एक गुण मात्र मी मान्य करीन : तो फोन दोन दिवस आपल्या हातापासून दूर ठेवतो. उतावीळ माणसाला ‘दोन दिवस हात लावू नकोस’ असे सांगून तो ऐकत नाही, ‘तांदळात ठेव’ म्हटले की ऐकतो. उपायाचे बळ वाट पाहण्यात आहे, धान्यात नाही. आणि ज्यांचे फोन मेले त्यांची हकिगत कोणी पुढे पाठवत नाही, त्यामुळे आपल्या कानावर फक्त वाचलेल्यांच्या गोष्टी येतात.

तुलनेवाचून निष्कर्ष नाही हा विचार काही बाहेरून आणायला नको, त्याचे उत्तम उदाहरण अलिबागेतच उभे आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार हे उघड होते. ट्रामच्या विजेचा प्रवाह नाजूक चुंबकी उपकरणांना हलवून सोडतो. नानाभाई मूस तेव्हा त्या वेधशाळेचे प्रमुख होते. नोंदींसाठी अलिबागची जागा निवडली गेली, लोखंड टाळून इमारत बांधली गेली आणि १९०४ मध्ये काम सुरू झाले. त्या दिवशीच कुलाब्याचे दार लावून घेतले असते तर कोणी काही म्हटले नसते. पण १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या गेल्या, कारण नव्या जागेचे आकडे जुन्या जागेच्या आकड्यांशी कसे जुळतात हे कळल्यावाचून त्यांना अर्थ नव्हता. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर हिशेब जुळलेला होता. पन्नास-साठ वर्षांच्या नोंदींची साखळी त्यामुळे तुटली नाही, आणि ती वेधशाळा आजही चालू आहे. ट्रामच्या अडचणीवर काढलेला तोही एक तोडगाच होता. फरक इतकाच की तो लागू पडला असे जाहीर करण्याआधी त्याची जुन्याशी शेजारी शेजारी ठेवून दोन वर्षे परीक्षा झाली.

आता खाऱ्या पाण्याकडे परत. समुद्रात पडलेला फोन वाळवला म्हणजे पाणी गेले. मीठ तिथेच राहिले. मिठागरांच्या मुलखात, उरण-पेणकडे, हे कोणाला शिकवायचे? पाणी उडून गेले की मागे मीठ उरते यावरच तर तो धंदा चालतो. तेव्हा समुद्राच्या पाण्यात भिजलेल्या फोनला तांदळात ठेवणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मीठ काढायला मिठाला विरघळवणारेच काहीतरी हवे, आणि ते म्हणजे गोडे पाणी. ऐकायला विचित्र वाटते : भिजलेला फोन पुन्हा भिजवायचा? पण पाणीरोधक फोन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचाही सल्ला हाच आहे की समुद्राचे पाणी किंवा सरबत-चहा सांडला तर फोन बंद करून स्वच्छ गोड्या पाण्याने हलकेच धुवावा, चार्जिंगची खाच खाली करून पाणी झटकावे आणि हलत्या हवेत वाळू द्यावा. धार जोराची नको, साबण नको, आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर तर नकोच नको. जुना, पाणीरोधक नसलेला फोन असेल तर हे घरी करू नये. त्याची बॅटरी निघत असेल तर काढावी आणि फोन त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. तो पाटी उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. मीठ निघते आणि द्रव मागे काही न ठेवता उडून जातो. फोनवर पाणीरोधकतेचा जो आयपी ६८ सारखा शिक्का असतो, त्याची चाचणी कोऱ्या फोनवर आणि गोड्या पाण्यात झालेली असते, हेही इथल्या गिऱ्हाइकाने लक्षात ठेवलेले बरे. वाळूत दोन उन्हाळे काढलेल्या फोनच्या रबरी कडा तेवढ्या घट्ट राहत नाहीत.

महिनाभराने काय झाले हे मी विचारतो ते याच मिठामुळे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते हे सगळ्यांनी पाहिले आहे. साधे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतूनच पाणी ओढून ओले होते. समुद्राच्या कच्च्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याहूनही आधी पाझरते. फोनच्या पाटीवर बसलेल्या कणांचे तेच होते. मेमध्ये समुद्रात पडलेला फोन वाळतो, सुरू होतो, घरात आनंदीआनंद होतो. जून उजाडतो, हवा दमट होते, आतले मीठ ओले होते आणि त्यातून वीज पाझरू लागते. जुलैत कधीतरी माइक जातो, चार्जिंग थांबते, स्क्रीनवर रेषा येतात. तोपर्यंत समुद्र विसरलेला असतो आणि दोष चायना माल या सर्वसमावेशक खात्यावर मांडला जातो. विजेच्या खांबांवरही हाच खेळ मोठ्या आकारात चालतो. उन्हाळाभर खारा वारा चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मीठ आणि धुळीचा लेप चढवत असतो. पहिली भुरभुर येते, लेप ओला होतो, त्यावरून ठिणगी उडते आणि लाईट जाते. पुढे पाऊस धो धो कोसळतो, लेप धुऊन निघतो. म्हणूनच कधी कधी मुसळधार पावसात टिकणारी वीज पहिल्या शिंतोड्याला गेलेली असते. इन्सुलेटर धुणे हा विजेच्या कामातला रीतसर उपाय आहे. फोन धुणे हे त्याचेच घरगुती रूप.

या दोन कसोट्या लावल्या तर सगळेच घरगुती तोडगे बाद होतात असे मुळीच नाही. काही तर चांगल्या गुणांनी पास होतात. इन्व्हर्टरच्या किंवा होडीतल्या बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला की फसफसून निघतो, कारण सोडा त्यातले आम्ल मारतो. बॅटरीची झाकणे मात्र घट्ट लावलेली हवीत, सोडा आत गेला तर बॅटरीचेच आम्ल मरेल. मग टोके कोरडी करून, वायर घट्ट आवळून, वरून व्हॅसलीन फासावे. खारी हवा धातूपर्यंत पोचत नाही. याची परीक्षा सोपी आहे : एका टोकाला लावा, दुसऱ्याला नका लावू, आणि गणपती होईपर्यंत थांबा. टीव्हीचा रिमोट चालेना तर सेल जागच्या जागी फिरवणे हाही खरा उपाय आहे, कारण त्याने स्प्रिंगवरचा गंजाचा पापुद्रा खरवडला जातो. आणि बिघाड रिमोटचा की टीव्हीचा हे ठरवायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा रिमोटच्या टोकावर धरून बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. मच्छीमार फोन पॉलिथिनच्या पिशवीत घालून रबर लावतात, तेही शिंतोड्यांपुरते योग्यच. पिशवीवर विश्वास किती ठेवायचा हे बघायचे असेल तर फोनऐवजी तिच्यात कागदी रुमाल घालून ती अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. रुमाल ओला झाला तर नुकसान एका रुमालाचे.

मला सर्वांत आवडणारा तोडगा कपाटातल्या दिव्याचा. कोकणातल्या पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी लागते, कॅसेट-पुस्तकांना वास येतो, ॲम्प्लिफायर खरखरतो. म्हणून कपाटात एक झिरोचा बल्ब सतत जळत ठेवायची पद्धत होती. यात जादू नाही, हिशेब आहे. २७ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३७ अंशांपर्यंत तापवली, तर वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता निम्म्याजवळ, ५१ टक्क्यांच्या आसपास येते. तेवढ्यात बुरशी फोफावत नाही. पण तो झिरोचा बल्ब नावालाच झिरो होता, प्रत्यक्षात १५ वॅटचा, आणि त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाई. आज त्याच जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावून लोक निश्चिंत होतात. उजेड तसाच पडतो, ऊब मात्र गेली. उपाय जुना, उपकरण नवे, आणि मधला कार्यकारणभाव कोणी विचारला नाही तर असे होते. टीव्हीला थापड मारण्याचेही तेच. जुन्या संचात सुटलेले सांधे, सैल सॉकेट असत, धक्क्याने ते क्षणभर जुळत. आजच्या सपाट पडद्याला थापड मारली तर फक्त पडदा फुटतो. चऱ्यांवर टूथपेस्ट चोळणे प्लॅस्टिकच्या सीडीला चालून जात होते, कारण पेस्ट बारीक पॉलिश कागदासारखी घासते. काचेच्या स्क्रीनवर ती चरा भरत नाही, वरचा तेलरोधक लेप तेवढा घासून नेते. फ्रीजरमधल्या बॅटरीवर बाहेर काढताच दव धरते, आणि आधीच दमट असलेल्या घरात ते जास्तच धरते.

काही तोडगे तर ताबडतोब लागू पडतात आणि म्हणूनच सर्वांत घातक ठरतात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याला तांब्याची जाड तार गुंडाळली की लाईट लगेच येते, पुन्हा जात नाही. ‘लागू पडला’ या निकषावर याला शंभरपैकी शंभर. पण फ्यूज उडण्यासाठीच असतो. आता त्याच्याऐवजी भिंतीतली वायर तापणार. न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगच्या वायरवर दिवा चालवणे हा दुसरा नमुना. दिवा लागतो खरा, पण अर्थिंग कच्चे असेल तर फ्रीजच्या, पंपाच्या पत्र्यात वीज उतरते आणि ओल्या हाताने तो उघडणारा माणूस जातो. गंमत म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालणे हा आपल्याकडचा जुना रिवाज मात्र शास्त्राला धरून आहे, भारतीय मानक ३०४३ मध्येही जमिनीवर अशा प्रक्रियेचा उल्लेख आहे. जे मीठ फोन मारते तेच जमिनीतला विजेचा अडथळा कमी करते. त्याची किंमत म्हणजे खड्ड्यातली पट्टी लवकर गंजते, म्हणून ती ठरावीक काळाने तपासायची. कोणताही पदार्थ मुळात चांगला किंवा वाईट नसतो. तो कुठे आणि कशासाठी वापरला हे पाहायचे.

नेटवर्कचे तोडगे तपासायला सर्वांत अवघड, कारण नेटवर्क स्वतःच क्षणाक्षणाला बदलते. सर्वांत वाईट अवस्थेत असताना आपण काहीतरी करतो, आणि सर्वांत वाईट अवस्थेनंतर सुधारणा बहुधा होणारच असते. फोन तांब्याच्या कळशीत ठेवल्याने रेंज येते असे सांगणाऱ्याला ती अशीच आली असते. (गाण्याचा आवाज मात्र कळशीत खरोखर वाढतो.) इकडच्या भूगोलाचाही हात आहे : डोंगराच्या सोंडा थेट समुद्रापर्यंत उतरतात, मध्ये खाड्या, म्हणून एका अंगणात टॉवर ‘दिसतो’ आणि शेजारच्या ओटीवर दिसत नाही. गच्चीवर जाणे, माडापासून चार पावले दूर होणे यांत तथ्य आहे. विमान मोड लावून काढणेही खरे, कारण फोन नव्याने टॉवर शोधतो. राउटरमागची फॉइल ही दंतकथा असेल असे मी समजलो असतो, पण अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ती रीतसर तपासली. परावर्तकाचा आकार घराच्या नकाशाप्रमाणे मोजूनमापून केला तर संकेत हव्या खोलीकडे वळवता येतो आणि नको त्या बाजूला अडवता येतो, असे निघाले. म्हणजे फॉइल लागू पडते, पण अंदाजाने चुरगळून लावली तर कदाचित आपल्याच स्वयंपाकघराचे वायफाय जाते. त्याआधी राउटर टीव्हीमागून काढून उंच, घराच्या मध्यावर ठेवून पाहावा. त्याला पैसेही पडत नाहीत. आणि ‘बंद करून चालू कर’ या उपायाला कोणी हसू नये. २०१५ मध्ये अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत आदेश काढला होता : सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर आतल्या मोजणीचा आकडा ओसंडून जनित्रे बंद पडू शकतात, तेव्हा त्याआधी ती बंद करून चालू करा.

यावर पहिला आक्षेप येईल तो गरजेचा. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या आतल्या गावातून दुरुस्तीचे दुकान गाठायला दिवस मोडतो, पैसे लागतात. माणूस हाताशी असेल ते करणारच. हे शंभर टक्के मान्य. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, ताशी १०० ते ११० किलोमीटरचा वारा, १२० पर्यंत झोत. खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा जनरेटर, गाडीची बॅटरी, जे मिळेल त्यावर फोन चार्ज करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण याच कारणासाठी तोडगा आधी तपासलेला हवा. मोटारसायकलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला फोन थेट तारांनी जोडला तर ५ व्होल्टची सवय असलेला फोन जळतो. तोच गाडीत वापरायचा यूएसबी चार्जर मध्ये घातला तर रात्रभर चालतो. हा फरक वादळाच्या दिवशी कळून उपयोग नाही, मे महिन्यातच करून पाहायला हवे. गरिबाला तोडगा वापरायचा हक्क आहेच, पण एकुलता एक फोन चुकीच्या उपायाने मरणे परवडत नाही तेही त्यालाच. आणि बघितले तर बटण बंद करणे, गोडे पाणी, पंख्याची हवा आणि धीर यांतली एकही गोष्ट तांदळाहून महाग नाही.

दुसरा आक्षेप कंपन्यांवरच्या संशयाचा : त्यांना नवे फोन विकायचे आहेत, म्हणून त्या घरगुती उपाय नाकारतात. हा संशय निराधार नाही. पाण्याने झालेला बिघाड हमीत बसत नाही, सिमच्या खाचेत लपवलेली पांढरी पट्टी ओलाव्याने लाल होते आणि कंपनी हात वर करते. सुटे भाग, सर्किटचे नकाशे मिळत नाहीत. म्हणूनच ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी वेगळे पोर्टल काढले. पण तांदळाऐवजी हवेत ठेवा, हे सांगून कंपनीला एक रुपयाही मिळत नाही. संशय घ्यायचा तर सगळ्यांवर सारखा घ्यावा, फॉरवर्ड पाठवणाऱ्या मेव्हण्यावरही. तिसरा आक्षेप अनुभवाचा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणाचा. ते शहाणपण भात, जाळी, होड्या आणि माड यांच्याबाबत मी डोळे मिटून मानीन, कारण तिथे चुकीचा उपाय करणाऱ्याला त्याच हंगामात फळ मिळत आले आहे. स्मार्टफोनला आपल्या गावात येऊन एक पिढीही झालेली नाही. त्याच्याबाबतचे ‘जुने’ शहाणपण फार तर मागच्या फोनचे असते.

फोन मुद्दाम बुडवून तपासायची ऐपत कोणाचीच नसते, पण तांदूळ तपासायला फोन लागतही नाही. भांडी घासायचे एकसारखे तीन स्पंज घ्या, प्रत्येकात चमचाभर पाणी मुरवा. एक तांदळात पुरा, एक ताटलीत उघडा ठेवा, एक पंख्याखाली. दर सहा तासांनी किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर, दुकानदार ओळखीचा असेल तर, तोलून आकडा लिहा. हाच प्रयोग एकदा मेमध्ये करा आणि एकदा जुलैत; दोन आकड्यांतला फरक ही किनाऱ्यावरची खास माहिती असेल, ती अमेरिकेतल्या कोणत्याही चाचणीत मिळणार नाही. मग चौथा स्पंज घ्या, समुद्राच्या पाण्यात भिजवलेला, आणि तो वाळल्यावर पावसाळी हवेत ठेवून त्याचे वजन पुन्हा वाढते का ते बघा. रायगडातल्या शाळांच्या विज्ञान शिक्षकांना विनंती आहे : प्रदर्शनात ज्वालामुखीची प्रतिकृती दरवर्षी असते, यंदा एक टेबल या स्पंजांना द्या आणि शेजारी सगळे आकडे लिहून लावा, तांदूळ जिंकला तरी.